कशावरून?

दिवाळीच्या अंकात भांडण काढू नये, हे मला समजते. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगणात कारीट चिरडून त्याची कडू चव जिभेला लावल्यावाचून फराळाच्या ताटाला हात लावायचा नाही, अशी आमच्या घरची रीत होती. संपादकांनी मला दिलेली ही चार पाने वाचकांनी त्या कारिटाच्या जागी समजावीत. गोडाचे पुढे पुष्कळ आहे.

मी मुळशी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला. 2017 सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आठवीच्या वर्गाला मी एक प्रकल्प दिला. विषय दूरचा नव्हता. मुळशीचा सत्याग्रह! ज्या धरणाच्या भिंतीवरून आणि काठावरून ही मुले जन्मापासून हिंडली, ते धरण बांधताना त्यांच्याच खापरपणजोबांनी 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, कामावर जाऊन ठिय्या दिला होता. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यात सेनापती झाले. ही पदवी त्यांना कोणा संस्थानाने दिलेली नाही. ती मुळशीच्या मातीत मिळाली. पुण्यामुंबईच्या मुलांना सेनापती बापट म्हणजे वाहने तुंबणारा एक रस्ता एवढेच ठाऊक असते. निदान आमच्या मुलांना तरी माणूस ठाऊक व्हावा, अशी माझी भाबडी इच्छा होती.

सुट्टी संपली आणि माझ्या टेबलावर 43 वह्या आल्या. काय त्या वह्या! कव्हरावर चमकी, कडेने वेलबुट्टी, मथळे तीन रंगांत. मी पाने उलटू लागलो. ‘मुळशी धरण’ या मथळ्याखाली एक चित्र चिकटवलेले होते. दोन उभ्या डोंगरांमध्ये अडकवलेली प्रचंड उंच भिंत. मी चष्मा पुसला. ते भाक्रा-नांगल होते. दुसऱ्या वहीत भाक्रा-नांगल. तिसऱ्या वहीत तेच. 43 पैकी 31 वह्यांत मुळशीचे धरण पंजाबच्या बाजूला जाऊन बसले होते! पौडच्या एका दुकानात ‘धरणे’ या नावाचा छापील तक्ता मिळत होता. त्यात मुळशी नव्हते, म्हणून मुलांनी त्यातले सर्वांत देखणे धरण कापून घेतले. जे धरण एस.टी.च्या खिडकीतून रोज दिसते, ते खरे की दुकानातला तक्ता खरा, असा प्रश्न 31 मुलांपैकी एकालाही पडला नाही.

मुलांना हसू नका. मजकुराकडे या. कुठे लिहिले होते, 52 गावे बुडाली, कुठे 54. एका चिरंजीवाने पान दोनवर 52 आणि पान पाचवर 54 लिहिली होती. त्याला उभे करून मी विचारले, “कशावरून?” तो म्हणाला, “सर, गूगलवर आहे.” “कोणी लिहिले आहे?” “गूगलने.” तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या लेखी गूगल नावाचे कोणी विद्वान गृहस्थ पुण्याला राहतात आणि त्यांना सर्व काही ठाऊक असते.

आता माझे पाप सांगतो. त्या वह्यांतल्या सर्वांत सुंदर वहीला मी 20 पैकी 18 गुण दिले. भाक्रा-नांगलासह. अक्षर मोत्यासारखे होते ना!

वाचकहो, तुमच्याकडेही वळतो. गेल्या वर्षी तुमच्या चिरंजीवांचा प्रकल्प कोणी केला? रात्री अकरा वाजता झेरॉक्सच्या दुकानाची फळी कोणी ठोठावली? परीक्षेच्या वेळी आपण कॉपी बंद व्हावी म्हणून पथके नेमतो, आणि वर्षभर मात्र ‘प्रकल्प’ या गोंडस नावाखाली त्याच मुलाला कापाकापी आणि चिकटवाचिकटवीचे रीतसर शिक्षण देतो. त्यात आईबाप सामील, मास्तर सामील. वर आपणच म्हणतो की, हल्लीची मुले विचार करीत नाहीत. विचार करण्याचा प्रसंग त्यांच्यावर आपण कधी येऊ दिला?

एवढ्यावर प्रकरण मिटले असते. पण पुढच्याच वर्षी, 1 जुलै 2018 रोजी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी जमावाने पाच माणसे ठेचून मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी हिंडत आलेली गरीब माणसे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे लोकांच्या मोबाइलवर आले होते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारले, “असे काही तुमच्या घरच्या फोनवर आले आहे का?” जवळजवळ सगळे हात वर गेले. एकाने तर चित्रफितीचे वर्णनच करून सांगितले: मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणारे पोर उचलून नेतात. ती चित्रफीत त्या काळात देशभर फिरत होती. ती होती पाकिस्तानातल्या कराचीची. मुलांना जपा, एवढे सांगण्यासाठी काढलेली ती जाहिरात. मूळ चित्रफितीत मोटारसायकलवाले पोराला परत आणून सोडतात आणि कॅमेऱ्यापुढे फलक धरतात. तो शेवटचा तुकडा कोणीतरी कापला. कराचीतल्या भल्या माणसांनी मुले वाचवावीत म्हणून जे केले, ते शेपूट कापून इकडे आले आणि माणसे मारण्याच्या कामी लागले.

त्या दिवशी मला माझ्या 18 गुणांची लाज वाटली. दुकानातला तक्ता पाहून न विचारता धरण चिकटवणारा मुलगा आणि फोनवरचे पाहून न विचारता दगड उचलणारा माणूस यांच्यात अंतर मोठे आहे, हे मला मान्य. पण दोघांना एकच प्रश्न कोणी शिकवला नव्हता. कशावरून?

आमच्या संगणकाच्या खोलीत तेव्हा 12 यंत्रे होती, 7 चालत. वीज असली तर. (मुळशीचे पाणी सह्याद्री फोडून खाली कोकणात भिऱ्याला उतरते, तिथे 1927 पासून वीज होते आणि ती मुंबईला जाते. ज्यांच्या जमिनीवर ते पाणी उभे आहे त्यांच्या नातवंडांच्या शाळेत दुपारी दिवे जातात. असो.) आमचे संगणकशिक्षक तरुण आणि हौशी होते. विकिपीडिया ज्या मोफत प्रणालीवर चालतो तीच त्यांनी एका यंत्रावर बसवली आणि बाकीची यंत्रे तारेने तिला जोडली. बाहेरच्या जगाला ते दिसत नव्हते. पण त्या खोलीत बसलेले कोणीही ‘मुळशीचा सत्याग्रह’ हे एकच पान उघडू शके, त्यात लिहू शके, दुसऱ्याने लिहिलेले खोडूही शके.

विकी या शब्दाला बिचकू नये. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1995 साली असे पहिले सामायिक पान केले. होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसगाडीचे नाव ‘विकी विकी’, म्हणजे तिकडच्या भाषेत झटपट, ते त्याने उचलले. पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. तुमच्या अंगणात आत्ता पोरांनी किल्ला केला असेल. तो कोणा एकाचा नसतो. एकाने बुरूज थापला, दुसऱ्याने विटा काढून दरवाजा सरकवला, तिसऱ्याने अळीव पेरले, चौथ्याने मावळा उचलून पलीकडच्या माचीवर ठेवला. ‘माझा मावळा का हलवलास?’ म्हणून भांडण होते, आणि भांडता भांडता एक पोर म्हणते, “खऱ्या कोरीगडावर दरवाजा या बाजूला आहे, मी मामाबरोबर गेलो होतो.” झाले! सगळे गप्प, आणि दरवाजा हलतो. आमचे पान हाच किल्ला होता. फरक एवढाच की मातीच्या किल्ल्यात कोणी काय हलवले ते संध्याकाळी विसरले जाते. या पानावर ‘इतिहास’ नावाची कळ दाबली की कोणी, कोणत्या वेळी, कोणता शब्द घातला किंवा काढला, ते सारे पुढ्यात येते. आदले रूपही पुसले जात नाही.

नियम थोडे ठेवले होते. कुठून घेतले ते सांगितल्यावाचून वाक्य लिहायचे नाही. खोडले तर का खोडले ते चर्चेच्या पानावर सही करून सांगायचे. ज्या वाक्याला आधार नसेल ते लगेच उडवायचे नाही. त्याच्यापुढे मराठी विकिपीडियावर लावतात तशी ‘संदर्भ हवा’ ही पाटी लावायची आणि आठ दिवस वाट पाहायची.

पहिल्या आठवड्यात पानाचे रणांगण झाले. एका मुलीने लिहिले: ‘आमच्या गावाला भरपाई मिळाली नाही. संदर्भ: माझी आजी.’ एका मुलाने ते खोडले आणि कारण दिले: ‘आजी हा संदर्भ नाही.’ तिने परत घातले. त्याने परत खोडले. एका तासात सात वेळा! मी मध्ये पडलो नाही. फक्त म्हटले, त्याने पुस्तक दाखवावे आणि तिने आजीला पुन्हा विचारावे. पण या खेपेस नीट विचारावे.

मुलगा कपाटाकडे गेला. आमच्या शाळेचे ग्रंथालय म्हणजे एक कुलूप आणि त्याच्यामागे एक कपाट. किल्ली सापडण्यात दोन दिवस गेले. ज्यांच्याकडे ती होती ते रजेवर होते. कपाटात कामाचे काही नव्हते, हे सांगायला नकोच. मीच पुण्याहून पुस्तके आणली. विनायकराव भुस्कुटे या लढ्यात स्वतः होते. त्यांनी त्यावर लिहून ठेवले आहे. राजेंद्र व्होरा यांचा इंग्रजी ग्रंथ 2009 साली निघाला. त्याच्या नावातच त्यांनी या लढ्याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटले आहे. मुलाने धडपडत, कोश जवळ घेऊन वाचले. त्याच्या ध्यानात आले की पेट्यातल्या पुष्कळ जमिनी सावकारांकडे गेलेल्या होत्या, आणि पैशावर तडजोड करायला तयार असलेला सावकार आणि ‘जान किंवा जमीन’ म्हणणारा शेतकरी यांचे हित एक नव्हते.

मुलगी आजीकडे गेली. “आजी, पैसे आलेच नाहीत, की आपल्याला आले नाहीत? आणि तुला हे कोणी सांगितले?” म्हातारी म्हणाली, “माझी सासू सांगायची. पैका आला आसंल बाय, पर आमच्या हाताला न्हाय लागला. जमीन कागदावं सावकाराची व्हती.”

दोघेही खरे होते! पुस्तक खरे होते आणि आजीही खरी होती. खोटे होते ते घाईचे वाक्य. त्या दोघांनी मिळून पानावर जे लिहिले ते असे: भरपाई देण्यात आली, पण ज्या कुटुंबांच्या जमिनी सावकारांच्या नावे होत्या त्यांपैकी एका घरची आठवण अशी आहे की, कसणाऱ्याला त्यातले काही मिळाले नाही. पुढे पुस्तकाचे पान आणि त्यापुढे आजीचे वय, गाव, तिला सांगणारी कोण आणि विचारल्याची तारीख. चौदा वर्षांची पोरे! तीस वर्षांत माझ्या शिकवण्याने जे झाले नाही ते एका खोडाखोडीने झाले.

गावांच्या आकड्याचीही अशीच मजा. 52 की 54, यावर वर्ग दोन आठवडे भांडला आणि शेवटी एका एरवी कधी न बोलणाऱ्या मुलाने चर्चेच्या पानावर विचारले: ‘बुडाले म्हणजे काय? घरे बुडाली ते गाव धरायचे की नुसती शेते बुडाली तेही? वाडी वेगळी मोजायची की गावात?’ आकडा सांगणाऱ्याने काय मोजले ते कळल्यावाचून आकडा कळत नाही. हे पुष्कळ मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते, वर्तमानपत्रे काढणाऱ्यांनाही.

आता विरोधकांकडे. मी ही हकिकत जिथे जिथे सांगितली तिथे तिथे एक विद्वान हटकून उठतो आणि नाक मुरडून म्हणतो, “विकिपीडियावर काय, कोणीही काहीही लिहितो.” खरे आहे. कोणीही लिहितो, आणि कोणी लिहिले ते दिसते. तुम्ही सकाळी उठून ‘सुप्रभात’बरोबर जे पुढे ढकलता ते कोणी लिहिले हे तुम्हाला दिसते का? पाठ्यपुस्तकातले एक वाक्य या आवृत्तीत का बदलले, याची टीप पुस्तकात असते का? चूक जिथे दिसते आणि दुरुस्त करता येते, तिथे तुम्हाला भीती वाटते. जिथे ती दिसतच नाही, तिथे तुम्ही हात जोडता. याला विद्वत्ता म्हणायचे?

दुसरे एक सज्जन मला म्हणाले, “सर, चार जणांनी मिळून ग्रंथ होत नसतो. नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीत भर घालू नका म्हणून बजावले आहे.” वा! पण नाथांनी आधी काय केले, ते का विसरता? शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी पाठांतरांनी गढूळ झालेली ज्ञानेश्वरीची प्रत शोधून शुद्ध केली. लोकांनी आपापल्या हाताने काय घुसडले ते ओळखून काढले. मूळ कोणते आणि मागाहूनचे कोणते, हा विवेक ज्याला आहे त्यालाच ‘भर घालू नका’ म्हणण्याचा अधिकार. आमच्या मुलांना आम्ही तो विवेकच शिकवत होतो. आणि चार जणांनी मिळून ग्रंथ होत नाही म्हणता, तर केतकरांच्या ज्ञानकोशाचे 23 खंड काय एकट्या केतकरांच्या हातचे आहेत? त्यांच्यामागे मंडळ होते, सहकारी होते. तर्कतीर्थांच्या हाताखाली वाईत विश्वकोश उभा राहिला तो शेकडो लेखकांच्या लेखण्यांवर.

आणि राजवाडे? ज्या महाराष्ट्रात त्या माणसाने गावोगाव पायपीट करून, माळ्यावरचे आणि रद्दीतले कागद हुडकून 22 खंड छापले, बखरीत आहे एवढ्यावरून काही मानायचे नाही, कागद दाखवा, असा दंडक घातला, 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले, त्याच महाराष्ट्रात आज पदवीधर माणसे कराचीची चित्रफीत पाहून पोराला घरात कोंडतात. मुळशी त्या मंडळापासून अशी किती लांब आहे? एका तासाची एस.टी.!

कोणी म्हणेल, मग मुलांना सरळ मराठी विकिपीडियावरच का लिहू देत नाही? 1 मे 2003 पासून तो चालू आहे, त्याला हातांची गरज आहे. लिहू द्यावे की. आमच्या दोन-तीन मुलांनी तिथे शुद्धलेखन दुरुस्त करण्यापासून सुरुवातही केली. पण तिथला नियम असा की, छापून न आलेली आठवण आधार म्हणून चालत नाही. नियम योग्य आहे. ज्ञानकोशाला तो हवाच. पण मग त्या आजीचे काय? ती आज आहे, उद्या नाही. तिची साक्ष टिपण्याची, तपासण्याची, तिच्यापुढे शंकेची पाटी लावण्याची जागा शाळेतच हवी. केरळने हे केले आहे. 2009 पासून तिथे शाळांचा स्वतःचा विकी आहे. सुमारे 15 हजार शाळांची पाने त्यावर आहेत, आणि शाळेच्या माहितीबरोबर आपल्या गावाची माहितीही मुले-मास्तर तिथे लिहितात. आपण मात्र संगणकाच्या खोलीला कुलूप लावतो, यंत्राला धूळ लागू नये म्हणून.

राहिला सर्वांत नवा आक्षेप. “सर, आता हे सगळे कशाला? यंत्राला विचारले की ते अख्खा निबंध लिहून देते.” 2022 सालच्या अखेरीपासून अशी उत्तरयंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. मीही एकाला मुळशीच्या सत्याग्रहाबद्दल विचारले. काय मराठी लिहिली! माझ्या वर्गातल्या कोणालाही जमली नसती. शेवटी त्याने आधार म्हणून एका पुस्तकाचे नाव दिले: लेखक, प्रकाशक, साल सगळे. मी पुण्यातली तीन ग्रंथालये पालथी घातली. तसे पुस्तकच नाही! तक्त्याने निदान खरे भाक्रा-नांगल दिले होते. ही यंत्रे मुलांच्या हातून काढून घ्या, असे मी म्हणत नाही. तो काळ गेला. मी म्हणतो, ज्या मुलाने वर्षभर ‘आजी हा संदर्भ नाही’ यावर भांडण केले आहे, त्याच्या हाती यंत्र द्या. तो त्यालाही विचारील.

2021 साली मी निवृत्त झालो. पुढे शाळेत नवे संगणक आले, ही आनंदाचीच गोष्ट. जुनी यंत्रे भंगारात निघाली. आमचे पान त्यांतल्या एकावर होते. संगणकशिक्षकांनी आदल्या संध्याकाळी ते एका पेनड्राइव्हवर उतरवून माझ्या हातात दिले, म्हणून वाचले. नव्या यंत्रांवर ते पुन्हा बसवायला कोणाला वेळ झालेला नाही. प्रकल्प मात्र जोरात चालू आहेत. पौडच्या दुकानात आता तक्ते रंगीत मिळतात.

त्या पानावर गावांच्या आकड्यापुढे ‘संदर्भ हवा’ ही पाटी अजून आहे. मुलांनी तिच्याखाली लिहून ठेवले आहे की, त्या वेळच्या भरपाईची एखादी पावती, खातेवही, सावकाराचे चोपडे कोणाच्या घरी असेल तर गाव कोणते आणि वाडी कोणती याचा उलगडा होईल. मुळशी पेट्यातून उठून गेलेली कुटुंबे आज कुठे कुठे पांगली आहेत, आणि ज्यांच्याकडे ती चोपडी होती त्यांचे वंशज पुण्याच्या पेठांतून आहेत. दिवाळीची आवराआवर तुमच्याकडे झाली असेल. माळ्यावरून काढलेले जुने कागद गोणपाटात भरून जिन्याखाली ठेवले असतील. रद्दीवाला अजून यायचा असेल, तर आज दुपारी फराळ झाल्यावर ते गोणपाट एकदा सोडून पाहा.